साडेदहानंतर अर्ध्या तासाने

शनिवारी सकाळी आठ बेचाळीसला मी बसचं दार लावलं. 'दार लावतोय, सांभाळून' असं माइकमध्ये म्हटलं, घड्याळाकडे बोट दाखवून 'वेळ बरोबर' असं स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, आणि डावीकडच्या आरशात पाहिलं तर ती धावत येत होती. सत्तरीची असेल. डोक्याला लोकरीचा रुमाल, एका हातात पिशवी, पिशवीतून वर आलेली कांद्याची लांब पात. दुसरा हात तिने पुढे केला होता. बस थांबवायला हात हलवतात तसा हलवत नव्हती, नुसता पुढे धरला होता, तळवा उघडा, जणू मी काहीतरी तिच्या हातात ठेवायचंच राहिलंय. मी गिअर टाकला आणि निघालो. आमच्यात नियम आहे, चाक हललं की थांबायचं नाही. एकासाठी थांबलं की पुढच्या बावीस थांब्यांवरच्या माणसांना उशीर होतो. चौदा नंबरची बस मी एकोणीस वर्षं चालवतोय, स्टेशनपासून तोबाशी पुलावरून स्टेडियमपर्यंत, आणि एकोणीस वर्षांत माझ्याबद्दल उशिराची एकही तक्रार नाही. आरशात ती लहान होत गेली. तिने हात खाली घेतला नव्हता. पुलाच्या चढावर माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात मोजतोय. आठ, नऊ, दहा. पुढचा आकडा मी गिळला.

पुढचा आकडा गेलं वर्षभर मी गिळतच आलोय. मी एकटाच नाही, आमचा सगळा क्लब गिळतो. आमचा क्लब म्हणजे धावणाऱ्यांचा क्लब, पण कोणी बघितलं तर अंघोळ करणाऱ्यांचा म्हणेल. आमच्या शहरातून असाही नावाची नदी जाते, तिच्या बांधामागे मात्सुनोयु नावाचं जुनं सार्वजनिक न्हाणीघर आहे. तिथे कपडे ठेवायचे, बांधावरून आठ किलोमीटर धावायचं, परत येऊन गरम पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसायचं आणि मग थंडगार दुधाची बाटली, की संपला सराव. न्हाणीघराची मालकीण हिरुकावाकाकू हीच क्लबची चिटणीस, खजिनदार आणि तोफखाना. ती पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूंच्या मधोमध उंच गल्ल्यावर बसते, त्यामुळे तिला दोन्हीकडचं सगळं दिसतं आणि तिचं दोन्हीकडे सगळं ऐकू जातं. रविवारचा सराव पहिल्यापासून अकरा वाजता. घ्या, लिहून टाकला शेवटी. तर गेल्या जानेवारीतल्या शर्यतीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात काकूने आरोळी ठोकली, "रविवारी सगळ्यांनी अक्—" आणि तिची नजर माझ्यावर गेली. मी टाचेला मलम लावत होतो. काकूने गल्ल्यातली नाणी एकदा खळखळवली. मग म्हणाली, "साडेदहानंतर अर्ध्या तासाने!" कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू माणसं वेळ अशीच सांगतात. तेव्हापासून आमचा सराव साडेदहानंतर अर्ध्या तासाने असतो. फलकावरही तसंच लिहिलंय, काकूच्या गोल अक्षरात. नवीन आलेला माणूस विचारतो, म्हणजे किती वाजता? तर त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगतात आणि तो माझ्याकडे बघून उगाचच पायमोजे नीट करायला लागतो. चांगुलपणा एवढा जड असतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. कोणी एकदा शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

झालं होतं एवढंच. जानेवारीत शहरात एकिदेन असते, म्हणजे रस्त्यावरची रिले शर्यत, पाच जणांचा संघ, पाच टप्पे, आणि हातात काठी नाही तर खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा. एकाने धावत यायचं, पट्टा काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने तो घालून पुढे जायचं. जिंकणं वगैरे आमच्यासारख्यांनी बोलू नये. आम्ही पन्नास संघांत पंचेचाळिसावे, फार तर त्रेचाळिसावे. पण आमचा पट्टा कधी तुटला नव्हता. तुटला म्हणजे फाटला नव्हे. चौथ्या टप्प्याच्या शेवटी वेळेची मर्यादा असते, कारण रस्ता गाड्यांना मोकळा करायचा असतो. तोवर तुमचा माणूस आला नाही तर पिस्तूल वाजतं आणि उरलेल्या संघांचे पाचवे गडी एकदम सोडून देतात, गळ्यात आयोजकांचा पांढरा पट्टा घालून. तुमचा खरा पट्टा मागेच राहतो, येणाऱ्याच्या अंगावर. त्याला म्हणतात तुटणं. एकोणीस वर्षं आमचा पट्टा सुरुवातीपासून शेवटापर्यंत अखंड गेला आणि विसाव्या वर्षी माझ्या अंगावर तुटला. त्याच आकड्याएवढ्या सेकंदांनी. मी वळणावरून आलो, शेवटचे तीसेक मीटर राहिले होते, पट्टा काढून दोन्ही हातांत ताणून धरला होता, आणि समोर आमचे पाचवे गडी सुगायाकाका हात पुढे करून उभे होते, तळवा उघडा. मग फट् असा आवाज झाला. त्यांनी हात लगेच खाली घेतला नाही. बाकीचे सगळे सुटले, ते एक श्वासभर उभे राहिले, हात तसाच, आणि मग वळून गेले. त्यांच्या पाठीवर तो पांढरा पट्टा फडफडत होता. मी रेषेवर पोचलो तेव्हा तिथे फक्त त्यांच्या बुटांचे ओले ठसे होते.

चौदा नंबरच्या दुसऱ्या फेरीत, स्टेडियमवरून परतताना, मी त्याच थांब्यावर पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं. नसणारच, मागची बस वीस मिनिटांनी आली असेल आणि ती गेली असेल. वीस मिनिटं थंडीत बसली असेल. नदीवरून वारा येतो तिथे. मी स्वतःला समजावलं की नियम म्हणजे नियम. आणि मग, तोबाशी पुलाच्या सिग्नलला उभा असताना, खरी गोष्ट वर आली, तळात बसलेला गाळ ढवळल्यावर येतो तशी. चाक हललं नव्हतं. मी तिला पाहिलं तेव्हा बस उभी होती. गिअर टाकायला माझा हात जात होता, पण गेला नव्हता. मी थांबू शकत होतो आणि थांबलो नाही, कारण तिचा तो हात मला बघवला नाही. मागच्या प्रवाशाने हॉर्न वाजत असल्याचं सांगितलं तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता. त्या फेरीला मला चाळीस सेकंद उशीर झाला.

तेव्हाच मी ठरवलं की उद्याच्या एकिदेनमध्ये धावायचं नाही. पोटरी दुखते म्हणून सांगायचं. यादीत माझं नाव पुन्हा चौथ्या टप्प्यावर होतं, सुगायाकाकांनीच घातलेलं, आणि पाचवे पुन्हा तेच. त्यांची ही शेवटची एकिदेन. गुडघ्यातली गादी झिजली, डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. काका अडुसष्ट वर्षांचे. जन्मभर तातामी शिवल्या. खोलीभर अंथरायच्या त्या जाड गवती चटया, त्यांच्या कडांना शिवायची कापडी पट्टी आमच्याच भागात विणतात, आणि आमच्या संघाचा पट्टा काकांनी त्याच पट्टीतून केलाय. गडद हिरवा, त्यावर कासवाच्या पाठीसारखी बारीक षटकोनी नक्षी. मानेला असा घासतो की दुसऱ्या दिवशी बसमध्ये कॉलर लावता येत नाही. तो धुवायचा नाही असा क्लबचा नियम आहे. सावलीत वाळवायचा, बस. इतक्या वर्षांच्या घामाचा वास काय असतो ते मी सांगत नाही. लहानपणी आई ओरडायची, तातामीच्या कडेवर पाय देऊ नकोस, कड म्हणजे घराचा मान. आणि मी त्या कडेला वर्षभरापूर्वी जे केलं ते पाय देण्यापेक्षा काही कमी नव्हतं. काकांना शेवटच्या वेळी हा पट्टा घालून शेवटची रेषा ओलांडायची होती. तसं ते बोलले नाहीत. ते असलं काही बोलत नाहीत. पण डिसेंबरात एकदा मी लवकर गेलो तर ते न्हाणीघराच्या मागच्या ओसरीवर बसून पट्ट्याच्या उसवलेल्या जागी टाका घालत होते, जाड सुई कोपराने दाबून, आणि मी दिसल्यावर पट्टा मांडीखाली सरकवला. चोरी पकडली गेल्यासारखे लाजले. ते लाजणं मला उभ्या वर्षात सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी पाचला आम्ही हलकं धावून हौदात बसलो होतो. बायकांची बाजू आणि आमची बाजू यांच्यामधली भिंत छताला टेकत नाही, त्यामुळे पलीकडून इसोझाकीचा आवाज वाफेबरोबर येत होता. ती बालवाडीत शिकवते, एकोणतीस वर्षांची, आमच्यात सगळ्यात वेगवान, आणि मोठ्यांशीही बालवाडीतल्यांशी बोलावं तशी बोलते. तिसरा टप्पा तिचा, म्हणजे मला पट्टा तीच देणार.

"नागुमोसान! जेवलात का आज नीट?" ती माझ्या नावाने ओरडली.

"जेवलो."

"काय जेवलात?"

"भात."

"नुसता? काकू, ऐकलंत? नुसता भात खातोय हा माणूस!"

"त्याच्या घरी वाट बघायला भाताच्या कुकरशिवाय आहे कोण?" गल्ल्यावरून हिरुकावाकाकूचा आवाज आला. "तरी मी म्हणते, माझ्या चुलत बहिणीला एकदा बघून तरी घे. तिला धावणारा चालतो. पळणारा नको म्हणते!"

दोन्ही बाजू हसल्या. मीही हसलो. सुगायाकाका हौदाबाहेर लाकडी स्टुलावर बसून फडक्याला साबण लावत होते. "ये, पाठ कर इकडे," ते म्हणाले. आम्ही एकमेकांची पाठ घासतो, ही जुनी रीत. गेल्या वर्षी त्या दिवशी संध्याकाळीही त्यांनी अशीच माझी पाठ घासली होती आणि मी नळाच्या पाण्याखाली तोंड धरून बसलो होतो, म्हणजे डोळ्यांतलं दिसू नये. मी जाऊन पाठ केली. ठरवलेलं वाक्य जिभेवर आणलं.

"काका, उद्याचं... माझी पोटरी जरा धरलीये."

"कुठली?"

"उजवी."

ते खाली वाकले आणि चटईत सुई खुपसणाऱ्या त्या अंगठ्याने त्यांनी माझी पोटरी अशी दाबली की मी स्टुलावरून उडालो. "ही?" ते म्हणाले. "ही तर ताज्या मुळ्यासारखी आहे. दुखतंय ते दुसरंच काहीतरी." आणि पुन्हा पाठ घासायला लागले. मला राहवेना.

"काका, मला का घातलंत पुन्हा चौथ्यावर? वतानाबेंना घाला. ते माझ्यापेक्षा बरे धावतात. तुम्हाला या वेळी..."

"कड उसवली तर कुठे शिवतात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तातामीची कड. उसवली तर कुठे शिवतात?"

"उसवली तिथेच."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर गरम पाण्याची बादली पालथी केली.

मी कोणाला सांगितलं नव्हतं ती गोष्ट वेगळीच होती. ती सेकंदं कुठे गेली हे मला ठाऊक होतं. वर्षभर मी हिशोब करत होतो, शेवटच्या थांब्यावर बस उभी असताना, स्टिअरिंगवर बोटं मोजून. गेल्या वर्षी इसोझाकीने पट्टा दिला तेव्हा मी तो घेऊन तिला वाकून नमस्कार केला. 'खूप दमलीस, आभारी आहे' असं म्हणून, अगदी कमरेतून. चार सेकंदं. दुसऱ्या किलोमीटरला एका शाळकरी मुलीने पाण्याचा कागदी पेला दिला. सगळे तो रस्त्यावर फेकतात, शर्यतीत तसं चालतं. मी वळून पेटीत टाकला. तीन. आणि पुलापाशी स्वयंसेवकाने रस्ता ओलांडू बघणाऱ्या एका बाईला अडवलं होतं, तिला मी हाताने 'आधी तुम्ही' म्हटलं. चार. चार, तीन आणि चार. मी हरलो ते हळू धावलो म्हणून नाही, सभ्य वागलो म्हणून, आणि हे सांगायचं तरी कोणाला आणि कोणत्या तोंडाने? सभ्यपणाने आपल्याच माणसाला रेषेवर हात पसरून उभं ठेवलं. म्हणून आज सकाळी मी उलटं केलं होतं. असभ्य झालो, सेकंद वाचवले, दार लावून निघून गेलो. आणि तरी आरशात पुन्हा तोच हात.

रविवारी आकाश धुतल्यासारखं होतं, आणि वारा हाडात शिरत होता. चौथ्या टप्प्याच्या सुरुवातीला मी उभा होतो, छातीवर एक्केचाळीस नंबर चार टाचण्यांनी लावलेला. भोंग्यावरून संघ पुकारत होते. आमचा नंबर येईना. मग कळलं की दुसऱ्या टप्प्यावर आमच्या माणसाला पेटके आले, तो रस्त्याच्या कडेला बसून पुन्हा उठला होता. इसोझाकी वळणावरून आली तेव्हा तिचा चेहरा बीटासारखा लाल होता. तिने गेलेला वेळ बराचसा भरून काढला होता, पण सगळा नाही. पट्टा माझ्या हातात आला, ओला आणि गरम, आणि माझी कंबर आपोआप वाकायला लागली. तेवढ्यात माझ्या कपाळावर तिचा तळवा बसला, फाड्दिशी.

"वाकू नका! पळा!"

म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे वर्षभर सगळ्यांनाच माहीत होतं, चारही सेकंदं, पेलासुद्धा. मागून ती ओरडत होती, "साडेएकोणतीस मिनिटं! नागुमोसान, साडेएकोणतीस!" आणि मी पट्टा खांद्यावरून घालत पळालो.

मला वेळापत्रक कळतं, ते माझं पोटच आहे. पाच किलोमीटर चारशे मीटर, साडेएकोणतीस मिनिटं. माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ एकतीस. बस असती तर मी नियंत्रण कक्षाला कळवलं असतं, दीड मिनिट उशीर होणार. पहिल्या शंभर पावलांतच मला समजलं होतं की मी पोचणार नाही, आणि गंमत म्हणजे तेव्हाच पाय मोकळे झाले. पट्टा मानेला घासत होता, त्याचा तो वास नाकात जात होता, आणि मी धावत होतो माझ्याच रस्त्यावरून, माझ्या थांब्यांमागून थांबे टाकत, एकाही ठिकाणी न थांबता. पाण्याचा पेला घेतला आणि फेकला. फेकला! मागून तो टप् असा पडल्याचा आवाज ऐकला आणि शहारलो. तोबाशी पुलाच्या चढावर छातीत आग लागली. पूल उतरल्यावर तो कालचा थांबा. बाकावर ऊन पडलं होतं, कोणी नव्हतं. न थांबता, न वाकता, मी त्या बाकाकडे मान झुकवली. अर्धा सेकंद गेला असेल. तेवढा तिला द्यायलाच हवा होता.

वळणावरून आलो आणि ते दिसले. पट्टा काढून हाताला गुंडाळला, ताणून धरला. काका रेषेवर उभे होते, पांढरा पट्टा घातलेला, कारण मिनिटभर आधीच तो घालून ठेवावा लागतो, आणि हात पुढे. "ये!" ते ओरडत होते. "ये रे! ये!" वर्षभरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. साठ मीटर. पन्नास. फट्. या वेळी काका क्षणभरही उभे राहिले नाहीत. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि वळून निघाले, गुडघा बाहेर फेकत. मी रेषेपाशी पोचलो. माझी वेळ होती एकोणतीस मिनिटं एकोणपन्नास, म्हणजे आयुष्यातली सगळ्यात चांगली, आणि एकोणीस सेकंदं उशीर. निळ्या जाकिटातला एक पंच हात आडवा करून आला. "दमलात. इकडे या, बस उभी आहे, मागे राहिलेल्यांना स्टेडियमवर सोडते." मी त्या बसकडे पाहिलं. दार उघडं होतं, आत गरम असणार. माझे पाय थांबत नव्हते, मी जागच्या जागी धावत होतो, आणि मला कळलं की मी थांबणारच नाहीये.

"मी पुढे जातो," मी म्हणालो.

"कुठे?"

"शेवटपर्यंत."

"अहो, रस्ता मोकळा होतोय. आणि नंबर लावून पुढे गेलात तर संघ बाद होईल."

ते बरोबर होतं. मी बधिर बोटांनी चार टाचण्या काढल्या, एक्केचाळीस नंबर घडी करून त्याच्या हातात दिला, टाचण्याही दिल्या. "फुटपाथवरून जातो. साधा माणूस म्हणून."

"आणि तो पट्टा?"

"तो माझा नाही."

"मग कोणाचा?"

मी रस्त्याकडे बोट दाखवलं. पांढरी पाठ लांब, छोटी झाली होती. पंचाने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आडवा धरलेला हात खाली घेतला. "सिग्नल पाळा," एवढंच म्हणाला.

मी सिग्नल पाळले. सगळे. माझं सगळं आयुष्य सिग्नल पाळण्यात गेलंय, आता कुठे मोडणार? शर्यत गेली होती, स्वयंसेवक शंकू गोळा करत होते, गाड्या सुरू झाल्या होत्या, आणि मी दर चौकात लाल दिव्यापाशी उभा, आखूड चड्डीत, खांद्यावरून हिरवा पट्टा, घामाने वाफाळलेला. माझ्याशेजारी मासळी घेऊन निघालेल्या बाया. एक आजोबा म्हणाले, "शर्यत संपली ना?" मी म्हटलं, "हो." "मग?" मी म्हटलं, "माझी थोडी राहिलीये." दिवा हिरवा झाला, मी धावलो. काका पुढे कुठेच दिसत नव्हते. तिसऱ्या चौकात चौदा नंबर बाजूला येऊन थांबली, चाकावर आमच्याच डेपोतला वाकुई, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, वळवलेल्या मार्गावरून नुकताच परत आलेला. त्याने बाहेरचा भोंगा लावला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "नागुमोसान, चढा. ही बस स्टेडियमला जाते." बसमधली सगळी डोकी खिडकीला लागली.

"नको रे!"

"दार उघडतोय."

"वाकुई, तू नीघ! तुला उशीर होतोय!"

"तीस सेकंद झाला," भोंगा म्हणाला. "होऊ दे." तरी त्याने क्षणभर दार उघडं ठेवलंच. मग ते बंद झालं, बस हलली, आणि मागच्या काचेतून एक लहान मुलगी लांबपर्यंत माझ्याकडे हात हलवत राहिली.

स्टेडियमच्या फाटकातून आत आलो तेव्हा शेवटची कमान खाली उतरवली होती. तंबू गुंडाळत होते. पंधराएक माणसं उरली असतील, त्यांतली पाच आमची. हिरुकावाकाकू मोठ्या पातेल्यातून गोड लाल चवळीचं सार वाढत होती, तिचा डाव हवेत थांबला. इसोझाकीने तोंडावर हात घेतला. आणि ट्रॅकवर, जिथे रेषा होती तिथून पन्नास मीटर अलीकडे, सुगायाकाका एकटेच उभे होते. पांढरा पट्टा त्यांनी परत केला होता. ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, गुडघा वाकडा, हात पुढे, तळवा उघडा. किती वेळ उभे होते देव जाणे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं मी येतोय म्हणून. त्यांना माहीत होतं, बस.

मी पट्टा काढला, हाताला गुंडाळला, दोन्ही हातांत ताणून धरला. रडत होतो, लपवायला नळ नव्हता. "काका!" मी ओरडलो. त्यांनी पट्टा ओढून घेतला, एका झटक्यात डोक्यावरून घातला आणि वळून धावले. धावणं कसलं, लंगडणं. काकू डाव टाकून पळत गेली, गळ्यातला न्हाणीघराचा पंचा काढून एक टोक इसोझाकीच्या हातात दिलं आणि दोघींनी तो आडवा धरला. काका छातीने तो पंचा घेऊन पलीकडे गेले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. हिरवा पट्टा खाली लोंबत होता. तंबू गुंडाळणाऱ्यांपैकी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, का ते न कळताच.

मी चालत त्यांच्यापाशी गेलो. सगळे गोलात उभे होते. काकांचा श्वास जरा खाली बसला.

"सिग्नल किती लागले?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"सात."

"हं." मग ते सरळ झाले, पट्टा खांद्यावर नीट केला. "पुढच्या रविवारी सराव आहे. मी सायकलवर येईन. अकरा वाजता."

काकूने श्वास आत ओढल्याचं मला ऐकू आलं. इसोझाकी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली.

"अकरा?" मी म्हणालो. वर्षभराने तो शब्द माझ्या तोंडात आला होता, आणि तो नुसता आकडा होता.

"अकरा," काका म्हणाले. "उशीर करू नकोस."

मी वाकून नमस्कार केला, अगदी कमरेतून, आणि तसाच राहिलो. या वेळी कोणी घाई केली नाही.